मोबाइलमध्ये तंबोरा असताना मिरजेचा तंबोरा कशाला?

गाणे शिकवायला लागल्यापासून विद्यार्थ्यांच्या पालकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न असा आहे : "ताई, मोबाइलमध्ये तानपुऱ्याचे ॲप फुकट मिळते, ते उतरत नाही, त्याला जागा लागत नाही, मग तीस-चाळीस हजार रुपये घालून मिरजेहून तंबोरा कशासाठी आणायचा?" अलीकडे या प्रश्नाला आणखी एक पुरवणी जोडली जाते. "कारागीर जगावेत म्हणून घ्यायचा असेल तर घेऊ, पण गाण्यासाठी त्याची खरोखर गरज आहे का?" प्रश्न रास्त आहे. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम लहान नसते आणि विचारणाऱ्याच्या मनात मुलाच्या शिक्षणाची काळजीच असते. म्हणून याचे उत्तर एकदा सविस्तर लिहीत आहे.

पुरवणीचे उत्तर आधी देते. कारागिरावर उपकार म्हणून तंबोरा घेऊ नका. असा घेतलेला तंबोरा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गवसणीत उभा राहतो, त्याच्या तारा गंजतात, खुंट्या घट्ट बसतात आणि मिरजेचा तो कारागीर पुन्हा त्या घराची पायरी चढत नाही. तंबोरा गाणाऱ्याच्या गरजेचा आहे म्हणून घ्यायचा असतो. ती गरज कोणती, हे समजण्यासाठी तो कसा तयार होतो ते थोडे पाहावे लागेल.

मिरजेतील सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे हा त्यांचा व्यवसाय होता. इंग्रजी अमलात हत्यारांचे काम आटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब या शिकलगाराने तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि मग निर्मिती सुरू केली, आणि तोच या धंद्याचा मूळपुरुष मानला जातो. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे मिरजेत गवयांचा राबता होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे होते, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे येथेच शिकले, आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेतच मुक्काम केला. खाँसाहेबांचा हात वाद्यदुरुस्तीतही चांगला चालत असे. 1937 साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले, आणि तेथे त्यांच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी गायक-वादक हजेरी लावतात. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, मिरजेच्या कारागिराला गाणारा माणूस शेजारी मिळाला. कान कोठे खटकतो हे गवई सांगत असे आणि हात कोठे फिरवायचा हे शिकलगाराला कळत असे. धार लावणाऱ्या हातांनीच तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, घासून काढायला घेतली, यात मला तरी केवळ योगायोग दिसत नाही, कारण दोन्ही कामांत कानस थांबवण्याची जागा ओळखणे हेच खरे कसब आहे.

तंबोऱ्याचा भोपळा मिरजेत पिकत नाही. तो सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा-पंढरपूर भागातून, भीमाकाठच्या शेतांतून येतो. हा भाजीचा भोपळा नव्हे. तो चवीला कडू आणि सालीला जाड असतो. फळ वाढत असताना ते एका अंगावर चपटे होऊ नये म्हणून शेतकऱ्याला ते नीट बसते करावे लागते, आणि पुरते वाळेपर्यंत वाट पाहावी लागते. वाळण्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर डाग पडतात, साल कुजते आणि पुढच्या वर्षी मिरजेत भोपळ्याची चणचण भासते. म्हणजे तुमच्या हातातील तंबोऱ्याची सुरुवात एका शेतकऱ्याच्या हंगामावर अवलंबून असते. भोपळा कारखान्यात आला की तो कापून, भिजवून, आतील बिया आणि गर खरवडून काढतात, तोंड हव्या त्या आकारात राहावे म्हणून आतून काठ्यांचा आधार देतात आणि पुन्हा वाळवतात. मग तुणीच्या लाकडाचा गळा, पोकळ दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याचे तोंड झाकणारी लाकडी फळी, यांची जोडणी होते. तबली जाड राहिली तर वाद्य मुके होते, फार पातळ केली तर तारांच्या ताणाखाली दबते. पॉलिश आणि नक्षीकाम याविषयी मी फार बोलणार नाही. ते सुंदर असते, त्यावर घराघराची वेगळी छाप असते, पण तंबोरा घेताना पालकांची नजर बहुधा तेथेच अडकते आणि कान मागे राहतात.

तंबोऱ्याचा प्राण घोडीवर असतो. तबलीवर मध्यभागी बसवलेली, रुंद पाठीची ही घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिच्या पाठीला अत्यंत सौम्य उतार आणि बाक असतो. तार या पाठीवरून जाताना एका बिंदूवर न टेकता कंप पावत पावत तिला घासून जाते, आणि म्हणूनच तंबोऱ्याचा आवाज छेडल्यानंतर विझत न जाता उमलत राहतो. त्यालाच आपण जवारी लागली असे म्हणतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुती दोरा ही घासण्याची जागा नेमकी ठरवतो.

मिरजेत मी जवारी काढताना पाहिली आहे. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसला होता, तंबोरा मांडीवर आडवा होता. त्याने तार ढिली करून बाजूला सारली, घोडीच्या पाठीवर कानशीचे दोन हलके हात फिरवले, बोटाच्या टोकाने भुकटी पुसली, तार परत जागेवर आणून चढवली, छेडली, मान तिरकी करून ऐकली, आणि काही न बोलता पुन्हा उतरवली. हेच किती तरी वेळ चालले होते. कानशीच्या एका हाताने घोडीची जी झीज होते ती डोळ्यांना दिसत नाही. त्याला ती तारेच्या आवाजातून कळत होती. एक तार मनासारखी झाली की दुसरी, आणि चारही झाल्यावर त्या एकमेकींशी जुळतात का ते पाहायचे, कारण एक तार खुली (झंकारणारी) आणि तीन बंद अशा तंबोऱ्यापुढे गाता येत नाही. एक हात जास्त पडला तर घोडीची पाठ पहिल्यापासून घडवावी लागते. जवारी किती खुली, किती गोल ठेवायची हे गाणाऱ्याच्या आवाजावर ठरते, म्हणून त्या कारागीर चाचांनी काम सुरू करण्यापूर्वी मला म्हटले होते, "ताई, आधी जरा गाऊन दाखवा, मग बघतो."

या घोडीच्या पाठीकडे विज्ञानाचेही लक्ष गेले होते. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा (मूळ स्वराबरोबर त्याच तारेतून निघणाऱ्या वरच्या स्वरांचा) स्थिर बिंदू येतो ते उपस्वर वाजू नयेत, असा तारांच्या कंपनाचा नियम आहे. तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीमुळे तेही उपस्वर जोरकसपणे वाजतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात दाखवून दिले. पुस्तकी नियमाला अपवाद ठरणारे हे काम कारागिरांनी कोणतेही सूत्र न मांडता, पिढ्यान्‌पिढ्या केवळ कानाने साधले होते, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

या उपस्वरांचा गाणाऱ्याला उपयोग काय, असे विचाराल, तर स्वयंभू गंधाराचे उदाहरण देते. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात, लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा षड्ज (सा), सेकंदाला सुमारे 69 कंपनांचा असतो. त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे 346 कंपनांवर, त्याच तारेतून गंधार (ग) निघतो. तो कोणी वाजवत नाही. तार खरी लागली आणि जवारी चांगली असली की तो आपोआप ऐकू येतो. पेटीवरील तोच गंधार सुमारे 349 कंपनांचा असतो, म्हणजे तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा थोडा चढा. ज्या मुलाचा कान केवळ पेटीवर तयार झाला आहे त्याचा यमन रागातील गंधार तंबोऱ्यापुढे किंचित टोचतो, आणि ते का टोचते हे त्याला स्वतःला कळत नाही.

आता ॲपकडे येते. ॲपविषयी मी वाईट बोलणार नाही. चांगल्या ॲपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचेच ध्वनिमुद्रण असते, त्यामुळे त्यातही जवारी असते आणि गंधारही असतो. प्रवासात, वसतिगृहात, पहिल्या एक-दोन वर्षांत ते पुरेसे आहे, आणि मी स्वतः ते वापरायला सांगते. पण मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून 69 कंपनांचा स्वर बाहेर पडूच शकत नाही. तुम्हाला खर्जाचे वरचे उपस्वर ऐकू येतात आणि कान मूळ स्वराची कल्पना करून घेतो. खऱ्या तंबोऱ्याचा खर्ज मांडीला, खांद्याला, दांडीवर टेकलेल्या कानशिलाला जाणवतो, आणि षड्जावर स्थिर उभे राहणे म्हणजे काय हे मुलाला तेथे प्रथम उमगते. मोठा स्पीकर जोडून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढता येईल, हेही खरे आहे.

मात्र ॲप तुम्हाला जुळलेला तंबोरा देते, आणि माझा खरा आक्षेप तेथे आहे. तंबोरा जुळवणे हेच गाण्याच्या शिक्षणातील एक मोठे काम आहे. जोडाच्या, म्हणजे एकाच षड्जात लावायच्या, दोन तारा एकमेकींत मिसळेपर्यंत खुंटी पिळायची, मग तारेतील मण्याने स्वर केसभर सरकवायचा, खर्ज त्यांच्याखाली नीट बसतो का ते ऐकायचे, पंचम चढा आहे की उतरला हे ठरवायचे, दोऱ्याची जागा शोधायची आणि ती सापडली की हात काढून घ्यायचा. हे करताना मूल एक शब्दही गात नाही, पण ऐकायला शिकते. ज्याला दोन षड्जांत किंचित फरक असताना उठणारी आवाजाची लाट थांबलेली ओळखता येते, त्याला स्वतःचा स्वर केव्हा चढला हे सांगावे लागत नाही. माझ्याकडच्या ज्या मुलांनी रोज पंधरा-वीस मिनिटे तंबोरा जुळवण्यात घालवली, त्यांचे सूर इतरांपेक्षा लवकर पक्के झाले, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. ही मिनिटे वाया जातात असे पालकांना वाटते. मला ती शिकवणीतील सर्वांत मोलाची वाटतात.

म्हणजे तुमच्या मुलाला तंबोऱ्याची गरज आहे, आणि तंबोऱ्याला कारागिराची गरज आहे, तीही एकदाच नव्हे. तारा घोडीवर घासून घासून तिच्या पाठीवर चरे पाडतात, जवारी बुजते, आवाज बोथट होतो आणि घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते. पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत असत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने ते बंद झाले आणि ते योग्यच झाले. आता उंटाचे हाड, शिसवी लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात, आणि प्रत्येकाची जवारी वेगळ्या हाताने काढावी लागते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण दुसरीकडे बनवलेले वाद्य मिरजेच्या नावावर खपवणे त्यामुळे अवघड होईल. पण मानांकनाने जवारी काढणारा तयार होत नाही. लाकडाचे आणि पॉलिशचे काम मुलगा काही वर्षांत उचलतो. जवारीचा कान बसायला त्याला अनेक वर्षे रोज वेगवेगळ्या गळ्यांचे तंबोरे हाताखालून जावे लागतात. तेवढे तंबोरे वापरात नसतील, झिजत नसतील, दुरुस्तीला येत नसतील, तर त्याने शिकायचे कशावर? सतारमेकरांच्या घरातील तरुण मुले दुसऱ्या नोकऱ्या धरताना दिसतात, त्यात त्यांचा दोष काढणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून मी पालकांना इतकेच सांगते. पहिली दोन वर्षे ॲप वापरा. मुलगा असेल तर आवाज फुटून स्थिरावेपर्यंत थांबा, कारण काळी एकचा तंबोरा आणि काळी चारचा तंबोरा आकाराने, तारांच्या जाडीने वेगळे असतात, आणि चुकीच्या पट्टीचा तंबोरा ओढून ताणून लावला तर तो कधीच खुलत नाही. पट्टी ठरली की नक्षीची छायाचित्रे पाहून घरबसल्या मागवू नका, शक्य असेल तर मुलाला घेऊन मिरजेला जा. कारागिराला मुलाचे गाणे ऐकू द्या, तयार तंबोऱ्यांपैकी चार-सहा छेडून पाहा, आणि मनासारखा नसेल तर सांगून करवून घ्या; त्याला काही महिने लागतील, तेवढे थांबा. घरी आणल्यावर तो रोज गवसणीबाहेर काढा. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. पावसाळ्यात खुंट्या फुगतात, तेव्हा जोर लावू नका. वर्ष-दीड वर्षाने आवाज बोथट वाटू लागला की जवारी काढून घ्या. मिरजेचे काही कारागीर यासाठी पुण्या-मुंबईला फेरी करतात. त्यांचा फोन क्रमांक खरेदीच्या वेळीच मागून घ्या, आणि ते आले की मुलाला शाळेतून अर्धा दिवस सुटी घेऊन त्यांच्या शेजारी बसवा.