पदर मुठीतच

रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर सलाम करताना मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "एवढी काळजी करता म्हणजे विश्वास कमी पडतोय तुमचा." हसत म्हणाल्या, मीही हसले. आज मंगळवार. दातात अडकलेल्या आंब्याच्या धाग्यासारखं ते वाक्य अजून जिभेला लागतंय.

तपासणीचा रिपोर्ट गुरुवारी. तोवर काय करायचं नाही तेवढं सगळे सांगतात.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून बसले. २५ ते ३४ या दहा वचनांत चिंता करण्याचं ते ग्रीक क्रियापद, मेरिम्नाओ, सहा वेळा आहे. ज्यांना काळजी शिवतच नाही त्यांना कोणी सहा-सहा वेळा बजावत नाही. आणि शेवट काय, तर 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे'. म्हणजे दुःख आहे, हे प्रभूच म्हणतो. विश्वास ठेवला की दुःखच नाही, असं कुठे लिहिलंय?

प्रेषित पौल तर आणखी मजेशीर. कशाचीही चिंता करू नका, हे त्याने फिलिप्पैच्या मंडळीला कैदेतून लिहिलं. त्याच पत्रात दोन अध्याय आधी आपल्या सोबत्याचं, तीमथ्याचं, कौतुक करतो, तुमची खरी काळजी वाहणारा याच्यासारखा दुसरा कोणी नाही म्हणून. तिथेही क्रियापद तेच, मेरिम्नाओ! आणि करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ११व्या अध्यायात फटके, दगडमार, जहाज फुटणं हे सगळं मोजून झाल्यावर २८व्या वचनात म्हणतो, वर रोजची सगळ्या मंडळ्यांची चिंता आहेच. त्यालाही कोणी दारात गाठून म्हटलं असेल का, विश्वास कमी पडतोय? म्हटलंच असेल. करिंथात अशांची वानवा नव्हती.

तरी लागलंच ते मला. इतक्या वर्षांच्या उपासना, आणि कमी पडतोय म्हणे. बरं, असो.

पेत्राचं पहिलं पत्र, ५:७ : 'त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.' चिंता आपली, काळजी त्याची. आपण मराठीत काळजी करतोही आणि घेतोही. केली की रात्र जाते, घेतली की काम होतं. हे 'टाका'चं मूळ क्रियापद नव्या करारात आणखी एकाच जागी आहे, लूक १९:३५, येशूला बसवायला शिंगरावर वस्त्रं टाकली तिथे. वस्त्र टाकलं की ते आपल्या अंगावरून उतरतं, दुसऱ्याच्या पाठीवर जातं. माझं होतं काय, टाकते खरी, पण पदर मुठीतच.

प्रार्थनेत घोळ होतो तो इथेच. डोळे मिटून दहा मिनिटं देवाला केस-पेपर वाचून दाखवायचा, 'असं निघालं तर, तसं निघालं तर' सगळं उगाळायचं आणि वर आमेन. ती मिटल्या डोळ्यांनी केलेली काळजीच. पौलाच्या त्या 'चिंता करू नका' वचनाचा, फिलिप्पै ४:६ चा, क्रम साधा आहे. गोष्ट नावानिशी एकदा सांगायची, एका वाक्यात. हवं ते स्पष्ट मागायचं. आणि आभार. हेच हमखास गळतं, कारण आभार उत्तर आल्यावर मानायचे असं डोक्यात बसलेलं. पौल ते मागणीच्या सोबतच ठेवतो. आभार आजच्याच एखाद्या गोष्टीचे हवेत, 'सर्व आशीर्वादांबद्दल' असे घाऊक नकोत. पुढच्या वचनात रिपोर्ट चांगला येईल असं कबूल केलेलं नाही. शांती राखील, एवढंच. ते 'राखील' मुळात शिपायाच्या पहाऱ्याचं आहे. पहारा बसवतात तो कोणीतरी आत घुसू बघतंय म्हणूनच ना.

मग उरतं आपल्या हातातलं. जुने कागद तारखेप्रमाणे लावणं, डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न लिहून ठेवणं. पंडिता रमाबाई केडगावच्या आपल्या आश्रमाच्या पैशासाठी देवाकडेच बघायच्या, पण विहिरीही खणून घ्यायच्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या त्या स्वतः तिथे जाऊन.

मान्न्याचंही तेच, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेल्या अन्नाचं. धण्यासारखा पांढरा दाणा, माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे, घाण सुटायची. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं, आणि तो नासला नाही. म्हणजे साठवण्यात खोट नव्हती. (माझ्या फ्रीजमधल्या तीन दिवसांच्या कालवणांना हे लागू पडत नाही.)

काल रात्री क्रमाने केलं सगळं. नावानिशी, एका वाक्यात. आभार मानले ते संध्याकाळी नळाला वेळेवर पाणी आल्याचे. आमेन म्हणून आडवी झाले. मग उठले आणि गॅसचा रेग्युलेटर बघून आले. बंदच होता.

ही काळजी केली की घेतली, ते आता रविवारी त्यांनाच विचारते.