खालचा खांब

बुधवार, रात्री साडेदहा

चार दिवसांनी आज सांगलीत कृष्णेच्या घाटावर जायला मिळालं. स्टुडिओतून सुटून कॅमेरा घेऊन पायऱ्या उतरेपर्यंत सव्वासहा झाले होते. संक्रांतीला सूर्य सांगलीवाडीच्या ज्या झाडांमागे जात होता, तिथून आता चांगलाच उजवीकडे सरकलाय. मागच्या महिन्यात हेरून ठेवलेली जागा त्यामुळे गेली. ट्रायपॉड उचलून तीस-चाळीस पावलं आयर्विन पुलाच्या बाजूला गेले आणि अगदी शेवटच्या पायरीवर बसले, पाण्यापासून हातभर अंतरावर.

खाली बसायचं कारण मला फार उशिरा कळलं. पाण्याकडे सरळ वरून बघितलं तर जेमतेम दोन टक्के उजेड परत येतो, बाकीचा आत जातो. नजर जितकी पाण्याला टेकून जाईल तितका जास्त उजेड परततो. पुलावरून काढलेल्या माझ्या जुन्या फोटोंत नदी हिरवट-काळपट का यायची, याचं कोडं मी दोन वर्षं कॅमेऱ्यावर ढकलत होते. आणखी एक खुळेपणा म्हणजे फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर करायचे. कचरा स्पष्ट यायचा आणि प्रतिबिंब पुसट. प्रतिबिंबातली झाडं पैलतीराइतकीच लांब असतात, फोकसही तिथलाच लागतो.

सूर्याने आज निराशाच केली. कारखान्यांचा हंगाम आहे, पलीकडे कुठेतरी पाचट पेटवलं होतं. त्या धुरात सूर्याचं बिंब आधी तांबडं झालं, मग विटकरी, आणि झाडांना टेकायच्या आधीच विरून गेलं. पाण्यावर सोन्याचा लांब पट्टा पडतो, तो पडलाच नाही. तो पट्टा लाटांमुळे होतो, हे एक बरं असतं. प्रत्येक तरंग थोडा तिरका होऊन सूर्याचा आपापला तुकडा दाखवतो आणि ते सगळे तुकडे मिळून आपल्या पायांपर्यंत रस्ता येतो. पण त्यासाठी मुळात सूर्य लागतो.

माझ्या शेजारी मोबाइल घेऊन उभी असलेली पोरं 'झालं' म्हणून निघून गेली. मी थांबले. खरा रंग सूर्य गेल्यावर येतो, वीस-पंचवीस मिनिटं असतात. कपडे धुणाऱ्या शेवटच्या दोघी गेल्या, पाणी निवलं. वर गुलाबी, त्याखाली केशरी, आणि धुराचा एक जांभळट थर, जो एरवी मिळालाच नसता. पाचटाला शिव्या घातल्या होत्या त्या परत घेतल्या. अर्ध्या.

पाव सेकंदाचं शटर ठेवलं. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. नाहीतर कॅमेरा मेहेरबानी करून सगळं केशरी धुऊन टाकतो, त्याला वाटतं ते चुकून पडलंय. अठ्ठावीस फ्रेम काढल्या, त्यातली एक बरी आहे.

जेवण झाल्यावर ती उघडली. दिवसभर लोकांच्या अल्बमवर हेच करते, तरी स्वतःच्या फाइलला हात लावताना धाकधूक होते. लग्नाच्या फोटोंत आम्ही सर्रास आभाळ बदलतो. हरिपूरच्या संगमावर भर दुपारी काढलेलं प्री-वेडिंग माझ्याकडे येतं आणि निरोप असतो, 'मॅडम, सूर्यास्त टाका.' टाकते. वर जांभळं आभाळ, खाली पांढरट नदी, मधे हसणारी जोडी. खालची नदी रंगवायला वेगळे पैसे कोण देणार?

माझी एक खूण आहे. पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा थोडं काळोखं हवं. आरसा असला तरी पाणी थोडा उजेड ठेवून घेतं. खालचं वरच्यापेक्षा उजळ दिसलं की समजावं, कुणीतरी वरचा भाग गडद करायचा स्लायडर जास्त ओढलाय. आज माझाही हात जास्त गेला होता, अर्धा मागे आणला. सॅच्युरेशनला हात लावला नाही. शॅडो, म्हणजे काळोखे भाग, थोडे उजळले. आणि पैलतीरावर एक विजेचा खांब नेमका गुलाबी पट्ट्यात घुसला होता, तो काढून टाकला. क्लोन स्टॅम्पचं दोन मिनिटांचं काम, शेजारचं आभाळ उचलून त्यावर ठिगळ लावायचं. समाधानाने झोपते.

गुरुवार, संध्याकाळ

सकाळी आत्याकडे डबा द्यायला गेले. गावभागातलं तिचं घर, वरच्या मजल्यावरची खिडकी, आणि खिडकीत आत्या. मोबाइलवर कालचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, लांब धरला, जवळ आणला.

"झकास आलंय. पण हा खांब कुठनं आला गं पाण्यात?"

"कुठला?"

"हा काय. वर खांब नाही, खाली आहे."

होता. वाकडातिकडा, लाटांनी लांबवलेला, झाडांच्या काळोखातून गुलाबी पाण्यात उतरलेला अख्खा खांब. दोनशे टक्के मोठं करून आभाळातून तो पुसताना मी खाली पाहिलंच नाही. बारा वर्षं हेच काम करतेय. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालंय.

"तुला कसं दिसलं गं?" मी विचारलं.

"खांब मला बरोबर दिसतात," ती म्हणाली आणि खिडकीबाहेरच्या खांबाकडे बोट केलं.

मग आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आम्ही याच मजल्यावर अडकलो होतो. वीज नाही, मोबाइल बंद पडलेले. आयर्विनपाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, पण ते आकडे आम्हाला नंतर कळले. आत्याची पट्टी म्हणजे हा खांब. खांब आणि पाण्यातला उलटा खांब जिथे जुळतात ती पातळी. खांबावरची नंबराची पाटी आणि तिची उलटी पाटी यांच्यात किती अंतर उरलंय, ते ती दर तासाला बघायची. रात्री बॅटरी मारून. "अजून वीतभर," "अजून चार बोटं." ज्या पहाटे दोन्ही पाट्या एकमेकींना चिकटल्या, त्या पहाटे आम्ही सामान गच्चीवर नेलं.

त्यातल्या एका संध्याकाळी पाऊस थांबून आभाळ उघडलं होतं. गल्लीतल्या पाण्यात सगळा सूर्यास्त उतरला. गढूळ पाणी, तरी नजर तिरकी असल्यामुळे रंग स्वच्छ. असा रंग मी नंतर कधी बघितला नाही. कॅमेरा पिशवीत कोरडा होता आणि मी तो बाहेर काढला नाही. आत्यासमोर काढवला नसता. सुंदर दिसत होतं, हे मी त्या दिवशी कुणालाच बोलले नाही. आज पहिल्यांदाच लिहितेय.

डबा घेऊन आत्याने विचारलं, "मग आता खालचा पण पुसशील?"

दुपारी स्टुडिओत जेवणाच्या सुटीत बसले. खालचा पुसायचा प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. होत नाही. आभाळ सपाट असतं, ठिगळ लपतं. पाण्यात प्रत्येक तरंग वेगळ्या तिरकेपणाचा, एका जागचा उचलून दुसऱ्या जागी लावला की ताबडतोब गोधडी दिसते. तीनदा केलं, तीनदा मोडलं. चौथ्यांदा मूळ रॉ फाइल उघडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. रंग कालच्यासारखेच ठेवले, खांबाला हात लावला नाही.

या वेळी खांबापाशीच जाऊन मोठं करून बघितलं. वरच्या टोकाला एक काळा ठिपका होता, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. खाली पाण्यातही तो होता, तरंगाने दोन जागी तुटलेला. काल खांबाबरोबर मी त्यालाही पुसलं होतं.