ब्रिक्स्टनमध्ये एका रुमालावरून झालेलं भांडण

टॉवर, थेम्स, म्युझियमं हे सगळं रीतसर पाहून झालं. पाऊस होता, रांगा होत्या, सँडविचं गार होती. त्याबद्दल एवढंच.

माझी धाकटी बहीण दक्षिण लंडनमध्ये स्ट्रेटमला राहते. तिच्या ऑफिसातल्या, जमैकन आईवडिलांच्या एका मैत्रिणीने आम्हाला रविवारच्या 'सलोन'ला बोलावलं. केस कापायचं नव्हे. कॅरिबियन घरांतले चित्रकार, कवी, शिवणारे-विणणारे आपापलं काम घेऊन ब्रिक्स्टनमधल्या एका हॉलमध्ये जमतात, ते मधल्या टेबलावर ठेवतात आणि सगळे त्यावर बोलतात. वेळ चारची होती. आम्ही पावणेचारला हजर, आणि हॉलला कुलूप! वैतागून रेल्टन रोडवर एक चक्कर मारली. 1981 च्या एप्रिलमध्ये पोलिसांविरुद्धचा उद्रेक झाला तो या परिसरात. 165 नंबरच्या घरावर निळी पाटी आहे, नामवंतांच्या घरांवर लावतात तशी. त्रिनिदादचे विचारवंत आणि क्रिकेटवर अप्रतिम लिहिणारे सी. एल. आर. जेम्स शेवटी इथं राहिले, 1989 साली इथंच गेले. याच घरात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'रेस टुडे' मासिकाचं ऑफिस होतं आणि त्या मंडळींत पुण्यात जन्मलेले लेखक फरूख धोंडी होते. हे मला तिथं उभं राहून फोनवर वाचताना कळलं. पुण्यात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पाच वाजता हॉल उघडला. आत शिरताच हातात सॉरेलचा ग्लास आला. आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं, आलं घातलेलं सरबत. "नको" म्हणायची सोय नाही. कोपऱ्यात बसून नुसतं बघायचीही सोय नाही. नाव सांगा, गाव सांगा, आजी काय करायची ते सांगा. मला असला आग्रह एरवी सहन होत नाही.

मग पंचविशीतल्या एका मुलीने आपलं काम मांडलं. मोठ्या फ्रेममध्ये क्रोशाचे रुमाल होते, मधोमध कापलेले आणि चहाच्या पाण्यात डागाळलेले. स्थलांतरितांच्या बायकांचे न दिसणारे कष्ट वगैरे ती सांगू लागली. शेजारच्या खुर्चीवरची ऐंशीच्या घरातली बाई ताडकन म्हणाली, "कष्ट मी केलेत. तू ते कापलेस."

आणि जुंपली.

त्या बाईचा राग समजायला त्यांचा 'फ्रंट रूम' माहीत हवा. 1948 मध्ये कॅरिबियन बेटांवरून माणसं घेऊन 'विंडरश' जहाज इंग्लंडला आलं, त्यानंतर येत राहिलेल्या कॅरिबियन लोकांना घरमालक दारातून परत पाठवायचे. मग लोकांनी 'पार्डनर' म्हणजे आपापसातली भिशी लावून घरं घेतली. त्या घरांतली पुढची खोली पाहुण्यांसाठी राखलेली असे. तिथं रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं कपाट), काचेचे मासे, प्लॅस्टिकची फुलं आणि साखरेच्या पाण्यात बुडवून कडक केलेले, झालर उभी राहिलेले क्रोशाचे रुमाल. (मायकल मॅकमिलन यांनी रचलेली 1976 सालची अशी एक खोली 'म्युझियम ऑफ द होम'मध्ये आहे. आम्ही नंतर गेलो. छान आहे, पण तिथं कुणी ओरडत नाही.) रात्रपाळी करून, दिवसा मुलं शाळेत गेली की ती बाई हे विणत असे. म्हणाली, "माझ्या खोलीत मळका रुमाल एक दिवस राहिला नाही. तू जगाला मळका दाखवतेस."

मुलगी रडली नाही, गप्पही बसली नाही. "आजी, त्या खोलीत आम्हाला पाय ठेवू देत नव्हतात, त्याचं काय?"

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मध्ये तोंड घातलं. 1966 च्या अखेरीस कमाऊ ब्रॅथवेट, जॉन ला रोझ आणि अँड्र्यू साल्की या कॅरिबियन लेखकांनी 'कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट' सुरू केली, तीही ब्रॅथवेटांच्या घरातल्या बैठकीतून. तेव्हाही वाद हाच, असं ते सांगत होते. गयानाचे ऑब्रे विल्यम्स अमूर्त चित्रं काढायचे आणि यात आपली माणसं कुठे दिसतात, असं विचारणारे निघायचेच. कलावंत लोकांना बांधील किती? चळवळ 1972 च्या सुमारास थांबली. वाद काही थांबलेला दिसत नव्हता.

मला हे फार आवडलं. आपल्याकडच्या प्रदर्शनात दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, "खूप छान" आणि बटाटेवडा. चित्रकाराला तोंडावर "हे मला पटलं नाही" म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतःही कधी म्हटलेलं नाही.

यजमानीणबाईंनी मलाच विचारलं, "तुम्ही कुणाच्या बाजूने?" मी म्हाताऱ्या बाईच्या. जे विणायला महिना लागतो ते कापण्याआधी विणणारीला विचारावं. बाईने माझ्या ताटलीत आणखी एक पॅटी ठेवली आणि त्या मुलीला बजावलं, "पुढच्या वेळी बाजारातला आणून काप." "बाजारातल्याचं मला काय दुःख?" मुलीने विचारलं, आणि पुन्हा सुरू.

बहीण त्या मुलीच्या बाजूने होती. 159 नंबरच्या बसमध्ये ती स्ट्रेटमपर्यंत माझ्याशी भांडत आली. तिचं म्हणणं असं की तो रुमाल मुलीच्या स्वतःच्या आजीचा होता, म्हणजे वारसाहक्काने तिचाच, आणि मी बोलण्याआधी नीट ऐकायला हवं होतं. मी ऐकलं होतं. तरी माझं मत तेच आहे.