विशेषणं खोडणाऱ्या बाई

नववीला मराठी शिकवणाऱ्या बाईंचा निरोप आहे की स्मरणिकेत त्यांचं नाव नको. म्हणून नुसतं 'बाई'.

स्वभावचित्रणाचा प्रश्न आला की आम्ही गाईडातली विशेषणं ओतायचो. कष्टाळू, मनमिळाऊ, ध्येयवादी. बाई लाल पेनाने सगळी खोडत. "कसा होता ते राहू दे, त्यानं काय केलं ते लिही."

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी त्यांनी ऑफ तासांना वाचून घेतली. जादा प्रती आम्ही ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणायच्या. १८९३ची ही संस्था. पण आमचं आकर्षण म्हणजे परतताना तलावपाळीची भेळ, त्यामुळे जायला सगळेच तयार. मग बाईंनी फर्मान काढलं : कादंबरीतला मास्तर कुठे बदलला, ते पान दाखवा.

औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत हा कोवळा पोरगा मास्तर म्हणून येतो. पोरं मेंढरांमागे, शाळा रिकामी. कारभाऱ्याच्या आधाराने ती सुरू होते आणि हळूहळू गाव त्याच्याकडे शिकवण्यापलीकडची कामं आणू लागतं. कुणाचं पत्र, कुणाचे पैसे, कुणाचं भांडण. बहुतेकांनी तालमीचं पान दाखवलं. मास्तरच्या डोक्यातली तालीम गाव राबून उभी करतं, उद्घाटनाला खुद्द राजा येतो. बाईंनाही तेच पान पसंत होतं.

मला तेव्हाही पटलं नाही. नवं काही उभारायची हौस कुठल्याही तरुण मास्तरला असतेच (माझे वडील झेडपीचे मास्तर, म्हणून हे ठासून सांगतो). मला बदल दिसतो तो दुष्काळात. चारा नाही, मेंढरं मरतात, माणसं वाट फुटेल तिकडे निघून जातात. आला तेव्हाही शाळा रिकामी होती, पण तेव्हा धास्ती होती ती नोकरीची. आता शाळा पुन्हा रिकामी झालीय आणि त्याचा जीव अडकलाय तो गेलेल्या माणसांत.

हे वहीत लिहून दिलं. बाईंनी एक शब्दही खोडला नाही, समासात फक्त विचारलं, 'पान क्रमांक?' मी सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन्ही पानं लिहून दिली, तेव्हा कुठे बरोबरची खूण मिळाली.