नवतप्यात हिंगणा एमआयडीसी: दोन यूपीएस, एक सर्व्हर आणि एनयूटी

हिंगणा एमआयडीसीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात दोन यूपीएसवर एनयूटी (फाइलींच्या नावांत 'नट'), म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, बसवायचं होतं. यूपीएसची माहिती वाचून बॅटरी संपण्याआधी सर्व्हर नीट बंद करणारं हे सॉफ्टवेअर. तारीख पडली ती ऐन नवतप्यात, मे अखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. असंच काम घेऊन त्या बाजूला जाणाऱ्यांसाठी हा वृत्तांत.

नागपूर रेल्वे स्टेशनवरून अ‍ॅक्वा लाइन थेट लोकमान्य नगरला जाते. बर्डीला (सीताबर्डीला) गाडी बदलावी लागत नाही, पण बर्डीला उतरून सामान घ्यावं हे बरं. एमआयडीसीत उन्हातान्हात केबल शोधत फिरण्यात अर्थ नाही. यादी लहानच आहे: एक यूएसबी ए-बी केबल, 3 मीटरपेक्षा लांब नको (यूपीएसचे यूएसबी पोर्ट बहुधा लो-स्पीड असतात, लांब केबलवर डेटा तुटतो), एक सरळ 9 पिनची सीरियल केबल, एक यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर आणि मल्टिमीटर. जुन्या एपीसी स्मार्ट-यूपीएसच्या 9 पिनच्या पोर्टला मात्र साधी सीरियल केबल लावू नये. त्याची पिनजोडणी वेगळी असते. साधी केबल लागताच यूपीएस बंद पडू शकतो आणि त्याच्यावरचं सगळं आडवं होतं. त्याला 940-0024सी हीच केबल लागते. बॅक-यूपीएसच्या 10 पिनच्या सॉकेटला 940-0127 लागते; त्यात नेटवर्कची केबल बसते म्हणून खुपसू नये.

पोहोचल्यावर लॅपटॉप उघडण्याआधी खोली बघावी. सर्व्हरच्या खोलीत कूलर लावलेला असणं इथे नवलाचं नाही. त्याची दमट हवा कनेक्टरना गंज चढवते, आणि त्याचा पंप यूपीएसच्याच बोर्डावर असेल तर लोडचे आकडे भलतेच दिसतात. कूलर आणि लेझर प्रिंटर दोन्ही यूपीएसवरून काढावेत. नेटवर्क स्विच उलट यूपीएसवरच हवा, तोही बॅटरीच्या सॉकेटवर. काही मॉडेलांत अर्धी सॉकेटं फक्त सर्जपुरती (बॅटरीशिवाय) असतात आणि स्विच हटकून तिथेच लावलेला सापडतो.

पुढच्या टेबलावरचा यूपीएस 1 केव्हीएचा, लाइन-इंटरॅक्टिव्ह, यूएसबीवाला. त्याचं काम झटपट होतं. नट-स्कॅनर चालवला की तो ड्रायव्हरचं नाव सुचवतो, इथे यूएसबीएचआयडी-यूपीएस. (नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, फाइलीत मूळ स्पेलिंग.) ते यूपीएस डॉट कॉन्फमध्ये टाकायचं, पोर्टपुढे ऑटो लिहायचं. नट डॉट कॉन्फमध्ये मोड बदलायला विसरू नये. मूळ फाइलीत तो 'नन' असतो आणि तोवर कुठलीच सर्व्हिस उठत नाही. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागाही सोडायची नाही. ड्रायव्हर परवानगी नसल्याची तक्रार करू लागला तर कारण साधं असतं: तो 'नट' या युजरखाली चालतो आणि यूडेव्हचे (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या लावणाऱ्या भागाचे) नियम आधीच जोडलेल्या यूपीएसला लागू झालेले नसतात. नियम रीलोड करून केबल काढून पुन्हा लावली की सुटतं. 'डेटा स्टेल' (माहिती शिळी झाली) असं वारंवार येत असेल तर आधी यूएसबी हब काढून टाकावा, मग बाकीचं बघावं.

खरा वेळ मागच्या खोलीतला 3 केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस खातो. असे बरेच यूपीएस मेगाटेक प्रोटोकॉल बोलतात, सीरियलवर 2400 बॉडने. ड्रायव्हर नटड्रव्ह-क्यूएक्स. पोर्ट म्हणून टीटीवाययूएसबी-शून्य लिहू नये, रीबूटनंतर हा क्रमांक बदलू शकतो. डेव्हखालच्या सीरियल, बाय-आयडी या फोल्डरातला मार्ग द्यावा, आणि नट युजरला डायलआउट (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये घालावं.

मेगाटेकवाले बहुतेक यूपीएस चार्जची टक्केवारी पाठवत नाहीत, फक्त व्होल्टेज पाठवतात. आत 12 व्होल्टच्या 6 बॅटऱ्या, म्हणजे 72 व्होल्ट; पण वाचनात 2.2च्या आसपास आकडा दिसला तर तो प्रत्येक सेलचा असतो. बॅटरी पॅक्सची संख्या 36 (6 बॅटऱ्या, प्रत्येकीत 6 सेल) देऊन ओव्हरराइड केली की पूर्ण व्होल्टेज दिसतं. ते मल्टिमीटरशी ताडून बघावं. खालची मर्यादा 62.4 आणि वरची 78 व्होल्ट ठेवावी, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीमागे 10.4 आणि 13. रनटाइमकॅलमध्ये (बॅटरी किती वेळ पुरेल याच्या सेटिंगमध्ये) पुस्तकी आकडे घालण्यापेक्षा स्वतः मोजलेले घालावेत: पूर्ण लोडवर किती सेकंद, अर्ध्या लोडवर किती.

हे मोजमाप नागपुरात टाळता येत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या वर दर 8-10 अंशांना साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. थकलेली बॅटरी शेवटपर्यंत ठीक दिसते आणि 'लो बॅटरी'चा इशारा येता येताच बसते. यूपीएसमॉन, म्हणजे यूपीएसवर नजर ठेवणारा एनयूटीचा भाग, डीफॉल्टने बॅटरीवर असणं आणि लो बॅटरी हे दोन्ही एकत्र आल्यावरच सर्व्हर बंद करतो. तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून इग्नोर-एलबी (यूपीएसच्या लो बॅटरी इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणारी सेटिंग) लावून बॅटरी चार्ज लो 40 टक्क्यांवर ओव्हरराइड करावा. सर्व्हरला बंद व्हायला घड्याळ लावून 4 मिनिटं लागत असतील तर किमान दुप्पट वेळ हातात राहील असा आकडा ठरवावा.

दुसरी अडचण जनरेटरची. वीज जाते, जनरेटर सुरू होतो, दिवे लागतात. तरी पुढच्या टेबलावरचा यूपीएस बॅटरीवरच राहतो आणि काही वेळाने सर्व्हर बंद होतो. जनरेटरची वेव्हफॉर्म (विजेच्या लहरीचा आकार) खडबडीत असते आणि सेन्सिटिव्हिटी 'हाय' असलेला यूपीएस ती नाकारतो. मॉडेलमध्ये सोय असेल तर यूपीएसआरडब्ल्यू या कमांडने ती 'लो' करावी. त्यासाठी यूपीएसडी डॉट यूजर्समध्ये त्या युजरला सेट करण्याची परवानगी हवी.

दुसऱ्या मशीनने हीच माहिती वाचायची असेल तर यूपीएसडीला (माहिती नेटवर्कवर देणाऱ्या एनयूटीच्या भागाला) लॅनच्या पत्त्यावर 3493 पोर्ट ऐकायला सांगावं. नाहीतर तो फक्त स्वतःशीच बोलतो. वाचणारं मशीन 'सेकंडरी', केबल जोडलेलं 'प्रायमरी'. एनयूटीच्या 2.8च्या आधीच्या आवृत्तीत प्रायमरीला मास्टर आणि सेकंडरीला स्लेव्ह म्हणत, त्यामुळे जुन्या वेबपानांवरून ओळी उचलताना आवृत्ती बघावी. बॅटरीवर असताना सेकंडरीचा संपर्क तुटला तर ते मशीन वाईटात वाईट धरून बंद होतं. स्विच यूपीएसवर का हवा ते यावरून कळेल.

यूपीएससी या कमांडने आकडे दाखवले की काम झालं असं समजून बरेच जण निघतात. चाचणी राहिलेलीच असते. ती ऑफिस सुटल्यावर करावी, बॅटरी रात्रभर चार्ज झालेली असताना, आणि आभाळ भरून आलं असेल तर दुसऱ्या दिवशी. प्लग ओढू नये, त्यात अर्थिंगही सुटतं. भिंतीवरचा स्विच बंद करावा. आधी यूपीएसमॉनला एफएसडी (सक्तीने बंद करण्याचा हुकूम) देऊन सगळं क्रमाने बंद होतं का बघावं. मग खरी वीज तोडून बघावी. सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसनेही आउटपुट तोडलं पाहिजे, त्यासाठी पॉवरडाउनफ्लॅग (यूपीएस बंद करायची खूण ठेवणारी फाइल) लावलेला हवा. ते न तोडता मध्येच वीज आली तर बंद झालेल्या सर्व्हरला वीज गेल्याचं कळतच नाही आणि तो सकाळपर्यंत तसाच पडून राहतो. ऑनडिले (आउटपुट पुन्हा सुरू करण्याआधीचा वेळ) नेहमी ऑफडिलेपेक्षा (ते तोडण्याआधीच्या वेळेपेक्षा) मोठा, आणि बायोसमध्ये वीज परतल्यावर 'पॉवर ऑन'.

परत निघण्याआधी बॅटरी बसवल्याची तारीख यूपीएसवर चिकटवावी. बॅटऱ्या बदलल्या की रनटाइमकॅलचे आकडे पुन्हा मोजावे लागतील, हे त्याच चिठ्ठीवर लिहावं.