78 मतांचा भौतिकशास्त्रज्ञ

फोंडा (गोवा), रविवार रात्र

आज दिवसभर अँड्र्यू झ्विकर हा माणूस मनात घोळतोय. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा प्लाझ्मा (म्हणजे अतितप्त, विद्युतभारित वायू) भौतिकशास्त्रज्ञ. सूर्याच्या पोटात अणू एकत्र येऊन ऊर्जा निर्माण होते, तशी ती पृथ्वीवर मिळवता येईल का, हे प्रिन्स्टनच्या ज्या प्रयोगशाळेत शोधतात, तिथला हा माणूस. 2014 साली अमेरिकन काँग्रेससाठी त्याने पक्षाची उमेदवारी मागितली, ती मिळाली नाही. 2015 साली राज्याच्या विधानसभेला उभा राहिला आणि 78 मतांनी निवडून आला. 2022 पासून तो तिथल्या राज्य सिनेटमध्ये आहे. तिथलं विधिमंडळ पूर्णवेळ नसतं, त्यामुळे आमदार झाल्यावरही त्याची प्रयोगशाळा सुटली नाही.

78 मतं! आमच्या फोंड्यात 2022 चा विधानसभेचा निकाल 77 मतांनी लागला होता. एखाद्या वाड्याने मन बदललं की आमदार बदलतो, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

मला अप्रूप पदवीचं नाही. आयआयटीत धातुशास्त्र शिकलेले मनोहर पर्रीकर आपण मुख्यमंत्री म्हणून पाहिले, तरी खाणींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाच. एक शिकलेला माणूस पुरत नाही. आधी मोजायचं आणि मग बोलायचं, ही सवय सगळ्या सभागृहाला लागायला हवी.

म्हादईचंच घ्या. कर्नाटकातून येणारी ही नदी, खाली तिलाच मांडवी म्हणतात, आणि तिच्या पाण्यावरून राज्यांत वाद आहे. 2018 मध्ये लवादाने कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. हे आकडे आपल्याला पाठ झालेत. पण ते वर्षभराचे आहेत, आणि आपली नदी वर्षभर सारखी वाहत नाही. पावसाळ्यात दुथडी, मे महिन्यात खडक उघडे, आणि समुद्राचं खारं पाणी मांडवीत खूप आतपर्यंत चढलेलं. वरून येणारं गोडं पाणी घटलं तर खारं पाणी आणखी किती वर सरकेल? माझ्या लेखी म्हादईचा खरा प्रश्न हा आहे. त्यावर काम केलेली माणसं दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आहेत. पर्वरीला, आपल्या विधानसभेत, मात्र चर्चा होते ती कोणी गोव्याला विकलं याची. मला याचा फार त्रास होतो. माझ्या नळाला ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी येतं, आणि ओपाची खांडेपार नदी मांडवीलाच मिळते.

पुढल्या निवडणुकीत जो कुणी दारात येईल त्याला मी एवढंच विचारणार आहे: उन्हाळ्यातल्या प्रवाहाची महिनावार मोजणी सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावाल का?