टाळी कुठे वाजते?

"स्पॅनिश क्रियापदांवरच्या त्या तिरक्या रेघा तुम्ही लक्षात कशा ठेवता?" दर नव्या तुकडीत कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. मी त्या पाठ करत नाही. आधी शब्द फोडते आणि ज्या अक्षरावर जोर, तिथे टाळी वाजवते.

'तेर्मिनो' घ्या. तेर-मि-नो. टाळी 'तेर'वर वाजली तर ते नाम, अर्थ 'संज्ञा'. 'मि'वर वाजली तर 'मी संपवतो'. 'नो'वर वाजली तर 'त्याने संपवलं'. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे वहीत नुसता उच्चार उतरवणाऱ्यांची इथेच फसगत होते. जोराच्या अक्षराखाली पेन्सिलीची रेघ मी मारायलाच लावते.

नियम छोटा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एरवी शेवटच्या. म्हणून आब्लार (बोलणं), कोमेर (खाणं), बिबिर (जगणं) शेवटावर ठासून म्हणायचे. जोर हा नियम मोडून गेला, की अक्षरावर तिरकी रेघ. 'कोमीआ'तली (तो खात असे) रेघ मात्र वेगळ्या कामाची. को-मी-आ अशी तीन अक्षरं होतात, ई आणि आ एकात मिसळत नाहीत, हे ती सांगते. 'काम्ब्यो'त (मी बदलतो) तसं मिसळणं होतं, म्हणून तिथे अक्षरं दोनच.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. 'मी करू शकतो' म्हणजे प्वेदो, पण 'आम्ही करू शकतो' म्हणजे पोदेमोस. मुलं याला अनियमित म्हणून घोकत बसतात. खरं तर लॅटिनमधला ऱ्हस्व ओ जोराखाली आला की स्पॅनिशमध्ये फुटून 'वे' होतो. पोदेमोसमध्ये जोर पुढे सरकला, म्हणून ओ शाबूत राहिला. (सगळेच ओ फुटत नाहीत, कोमेरचं 'कोमो'च होतं.) आपलं फूल नाही का 'फुलाला' होतं, वीट 'विटेला'? कारण वेगळं असेल, पण पुढे काही जोडलं की मूळ शब्द बदलतो, ही सवय आपल्या जिभेला आहेच.

एकदा एका विद्यार्थ्याने अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या माणसाचं बोलणं ऐकलं. 'तू करू शकतोस'साठी तो माणूस 'प्वेदेस'ऐवजी 'पोदेस' म्हणत होता. हा चुकला का, असं त्याने मला विचारलं. मी त्यालाच टाळी वाजवायला सांगितलं. ती 'देस'वर वाजली.